अर्ध्या नावाचं भांडं

लोणारला मी फक्त एका पाटीचा मजकूर लिहायला गेले होते हो. एका दिवसाचं काम! सरोवर बघायला येणाऱ्यांसाठी तिथल्या किसनरावांनी तीन जुनी घरं घेतली, मधल्या भिंती फोडल्या, लाकूडकाम नीट केलं आणि एक मस्त निवास उभा केला. दारात लावायला त्याचा इतिहास हवा होता, म्हणून पुण्याहून मला बोलावलं.

दुपारी वंदनाताईंनी जेवायला वाढलं. स्वयंपाकघर त्याच बघतात. ताट जुनं पितळी, आणि काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. तांब्यावर नाव, पेल्यावर नाव. मी तर वेडीच झाले, फोटोवर फोटो!

"हे समदं पुंजाजीच्या हातचं हाये," त्या म्हणाल्या. "तिसरं घर त्याचंच. ओसरीत बसून साऱ्या गावच्या भांड्याइवर नाव टाके. टक, टक, टक. पन पुरं नाव सांगा लागे. आपलं, बापाचं, आडनाव. अर्ध्या नावाचं भांडं घरी वापस येत नाही, म्हने."

"भारी! मग त्यांची स्वतःची भांडी कुठंयत?"

वंदनाताईंनी आवाज खाली आणला. "त्याच्या भांड्यातलं पानी कोन पेत होतं, ताई? नाव त्याच्याकूनच टाकून घेत, अन् घरी नेलं का आधी चिंचेनं घासत. मंगच वापरत."

मी मान खाली घालून जेवले. कारण तुम्हाला सांगते, पुंजाजी ज्या समाजातले, त्याच समाजातले माझे आजोबा. पुण्यात मी नुसती 'समता' आहे. आडनाव सांगितलं की समोरचा चेहरा क्षणभर थांबतो ना, तो थांबू नये म्हणून.

जेवण झाल्यावर तिसऱ्या घराच्या माजघरात लॅपटॉप घेऊन बसले. खिडकी नाही, पण गार. पुंजाजींवर दोन परिच्छेद झकास उतरले. किसनरावांना वाचून दाखवले.

"लिहिलं बेस," ते म्हणाले, "पन हे पुंजाजीचं काढा. तिन्ही घरं आमच्याच खानदानाची, असं टाका. काही पाहुने नाही नाही ते विचारतात, मंग जेवाले बसत नाहीत. तुम्हाले काय सांगाव, तुम्ही तर आपल्यातल्याच दिसता. आडनाव काय म्हनले?"

"समता. नुसतं समता," मी हसून म्हणाले. हसून!

ते गेले. मी दोन्ही परिच्छेद सिलेक्ट केले, उडवले आणि लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात लाइट गेली. दुपारचे तीन, आणि माजघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. बाहेर कबुतरं घुमत होती, तीही गप्प झाली. मग वास आला… आंबट, ओला. चिंचेचा. आणि अगदी जवळून, माझ्या मांडीपाशी…

टक… टक… टक…

"वंदनाताई?"

आवाज थांबला. कुणीतरी थकल्यासारखा श्वास सोडला. मग अगदी हळू, "पुढं?"

एवढंच. "पुढं?"

 लाइट आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. शेजारी माझी स्टीलची पाण्याची बाटली होती. पुण्याहून आणलेली, कोरी. तिच्यावर टिंबाटिंबांनी 'समता'.

बाटली वंदनाताईंना दाखवली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "ताई, त्यानं विचारलं असंन तर सांगून टाका हो…"

मी पुढचं नाव न सांगताच एस. टी. पकडली. वाटेत मेहकर आलं तेव्हा बाटली उघडायला घेतली, तर 'समता'च्या पुढे 'प्रेमानंद'. माझ्या वडिलांचं नाव. लोणारात मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी आल्या आल्या मी काय केलं माहितीये? चिंच भिजवली आणि बाटली घासायला बसले. खसाखसा. बोटं काळी पडली आणि एकदम लक्षात आलं, आपण काय करतोय. हात तिथेच थांबला. टिंबं तशीच होती, उलट चकचकीत.

मी पाठवलेल्या मजकुराची पाटी आता लागलीये. किसनरावांनी फोटो पाठवला. 'तीन घरं, एक खानदान.' खाली लहान अक्षरात माझं नाव, अर्धं.

काल ऑफिसात मीटिंग होती. टीममधल्या काजलनं सहज माझी बाटली उचलली. "अय्या, भांड्यावर नाव! आमच्या आजीकडे असायचं असं. समता प्रेमानंद… आणि पुढे? पुढे काय गं?"

सगळे बघत होते. चिंचेचा वास आला.

"काही नाही," मी म्हणाले. "एवढंच आहे."

तिनं बाटली टेबलावर ठेवली. मग सगळ्यांकडे बघत म्हणाली, "ए, पेन कोण आपटतंय?"

कुणाच्याच हातात पेन नव्हतं.