घोडीच्या शेपटीचा केस

"भागवतला त्याच्या मायनं घोडीच्या शेपटीचा केस आणायला धाडलं होतं," इथून ग्यानोबा आबांनी सुरुवात केली.

आबा लेकीकडं भोकरला आले होते. सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, मळणीयंत्र सकाळी येणार, म्हणून जेवणं झाल्यावर राखणीला आबा आणि त्यांची दोन नातवंडं, तनुजा आणि सत्यम, रानात बसलेली.

"घोडीचा केस? कशाला?" सत्यम म्हणाला.

"ऐक की जरा. मधीच आपलं घोडं दामटू नको."

भागवत म्हणजे आबांचा शेजारी, भिंतीला भिंत. गाव शिरूर अनंतपाळकडचं. पस्तिशी उलटल्यावर त्याचं कसंबसं लग्न जमलं आणि मागच्या मार्गशीर्षात पहिली मुलगी झाली. बायकोचं नाव आरती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. पोरगी तीन किलोची, रडायला खणखणीत. पण दोन्ही हातांना सहा सहा बोटं, आणि डाव्या पायालाही सहा. हाताचं सहावं बोट करंगळीच्या कडेला, हरभऱ्याच्या घाट्याएवढं, आणि त्यावर इवलंसं नख.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "काही बांधू नका, काही कापू नका. वर्षाची झाली की घेऊन या, आपण नीट काढू. आणि नाही काढलं तरी काही बिघडत नाही."

पण घरी कस्तुराबाई होती. भागवतची माय. बासष्ट वर्षांची, अजून रानात तुरी झोडपणारी. तिनं बाळ मांडीवर घेतलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि तोंड असं केलं की जसं कुणी तिच्या ताटात थुंकलं.

"पायाचं मोज्यात झाकंल. हाताचं कशात झाकू?" ती म्हणाली. "बारशाला सगळं गाव येणार. बघतील आन बोलत बसतील. हिला उद्या करून कोण घेईल?"

बोटाच्या मुळाशी घोडीच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा, मग बोट वाळतं आणि आपोआप गळून पडतं, अशी त्या घरातली जुनी रीत. कस्तुराबाईला बारशाच्या आधी ते उरकायचं होतं.

आरती अजून बाजेवर होती, पण तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मामंजींना बी सहाच बोटं हुती ना? मग त्यांच्या हातानं गाव पहिली मूठ कामून पेरत हुतं?"

खरंच होतं ते. भागवतच्या बापाच्या उजव्या हाताला सहा बोटं होती, आणि पेरणी आली की पहिली मूठ सोडायला लोक त्याला हाताला धरून न्यायचे. त्याचा हात लागला की रान पिकतं म्हणायचे.

"बाप्याची गोष्ट येगळी," कस्तुराबाई म्हणाली.

"काय येगळी? बोटाला काय मिशा असतेत का?"

तनुजा फसकन हसली. आबा हसले नाहीत.

भागवत दोघींच्या मधे उभा. आरती म्हणाली, "केस घरात आला तर मी पोर घेऊन निघाले. माहेरी आई न्हाई, पण रस्ता तर हाय." माय म्हणाली, "न्हाई आणलास तर बारशाला मी घरात नसणार, ध्यानात ठेव." भागवतनं गाडीची किल्ली घेतली. मायचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता. त्याचा त्याला मोठेपणाही वाटायचा.

वार मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या. पोरगी नऊ दिवसांची.

देवणीच्या वाटेवर एका वस्तीत शिवप्पा राहायचा. वरातीला घोडी देणारा माणूस, बोली अर्धी कानडी. भागवत पोचला तेव्हा तो घोडीच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा सोडत होता.

"बा, बा, ये, बस. केस पाहिजे? मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"हां." शिवप्पानं घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "मुलग्याला कोण नेत नाही. आजपर्यंत नऊ माणसं आली माझ्याकडं. नऊच्या नऊ मुलींचे बाप. घोडी पण ओळखते आता. बघ, कसं कान मागं टाकते."

"द्यायचा तर द्या," भागवत म्हणाला. "शाळा घेऊ नका."

"देतो की. मी कोण शाळा घेणारा? तू दहावा."

भागवतला राग आला. शिवप्पाचा आला, का आपला आला, का घरात बसलेल्या मायचा, ते त्याला उमजेना. त्यानं कागदात गुंडाळलेला केस वरच्या खिशात घातला आणि चहाला न थांबता गाडीला किक मारली.

तेव्हा साडेसात झाले होते. थंडी पडलेली. डांबरी रस्ता, दोन्ही अंगाला डोक्याएवढी तूर, समोरून एक ट्रॅक्टर गेला, मग कुणीच नाही. मनात तो आरतीला उत्तरं देत होता. आपण काय वाईट करायलो का? एक बोट जाईल, पण पोरीचं आयुष्य तर सरळ होईल. चार दिवस रडेल. लहान लेकरं रडतातच.

पाझर तलावाच्या वळणावर गाडी मागून जड झाली.

त्याला वाटलं, पंक्चर. उतरून चाक दाबून बघितलं. हवा होती. पुन्हा बसला, गाडी पुढं काढली, आणि पुन्हा तेच. मागची सीट दबली. बाईमाणूस दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसतं, तशी गाडी एका बाजूला कलली.

हळदीचा वास आला. हळदीच्या खाली काहीतरी नासलेलं.

"कुणासाठी न्यायलास?"

आवाज मानेच्या मागून आला. बाईचा. भागवतचा पाय ब्रेकवर पडला. इंजिन बंद झालं. पुढचा दिवा गेला. मागचा लाल दिवा तेवढा राहिला.

"कुणासाठी न्यायलास म्हणते मी."

"लेकीसाठी..."

"कुणी धाडलं?"

"मायनं."

मग एकदम मानेशी आवाज.

"अजून जित्ती हाय व्हय ती?"

भागवतनं किक मारली. इंजिन लागलं नाही.

"वळ. बघ माझ्याकडं."

"न्हाई..."

"वळ म्हणते ना! तुमच्या घरात समदे तोंडच फिरवतेत. वळ!"

तो वळला.

लाल उजेडात एक बाई. चाळिशी उलटलेली. अंगाला जुन्या धोतराचं एक फडकं, तान्ह्या लेकराला गुंडाळतात तेवढंच. ते तिला पुरत नव्हतं. पाठ मागं वाकलेली. कमानीसारखी. ताठ. नाक थेट त्याच्या बापाचं. दात दातांवर गच्च बसलेले... ओठ हलत नव्हते.

आवाज मात्र येत होता.

तिनं दोन्ही हात पुढं केले. करंगळ्यांच्या कडेला बोटं... काळी. वाळलेली. मुळाशी खोल वळ.

"कोण... कोण हाईस तू?"

"ते घरी इचार. केस काढ."

त्यानं काढला.

"बांध."

त्यानं केस तिच्या हाताकडं नेला.

"माझ्या न्हाई!" तूर हलली नाही, पण त्या ओरडण्यानं भागवतच्या कानात दडे बसले. "मला एकदा बांधून झालाय. तुझ्या बोटाला बांध."

त्यानं डाव्या करंगळीला बांधला.

"आवळ."

आवळला.

"आणखी. तान्ह्या लेकराला आवळणार हुतास तेवढा आवळ."

त्यानं केसाचं टोक दातात धरून ओढलं. करंगळी पांढरी झाली. मग लाल. मग निळी. ठणका कोपरापर्यंत चढला... मग खांद्यापर्यंत.

"किती येळ झाला?"

"एक... एक मिनिट झाला असंल..."

"मी सात दिवस काढले. चार दिवसांची हुते. रडले तर म्हणले, नजर लागली. मीठमोहऱ्या उतरल्या माझ्यावरून. बोट कुणी सोडलं न्हाई."

भागवत रडायला लागला.

"रडतोस? मला बोलता येत न्हवतं. तुला येतंय. तुला तोंड हाय. मायपुढं कुठं जातं रं ते तोंड?"

...

"बोल ना."

...

"बोल!"

मग काही नाही. वास नाही. आवाज नाही. गाडी हलकी झाली, आणि पुढचा दिवा आपोआप लागला.

आबा थांबले. तनुजा सत्यमला चिकटून बसली होती, आणि एरवी तिला ढकलून देणाऱ्या सत्यमनं तिला ढकललं नव्हतं.

"मग?" तो म्हणाला.

मग भागवत घरी आला. सव्वाआठ वाजले होते. तिकडं त्याच्या घरात आरडाओरडा सुरू झाला तसे आबा आणि त्यांची बायको उमाबाई हातातलं टाकून तिकडं गेले. इथून पुढचं आबांनी डोळ्यांनी बघितलेलं.

केसाची गाठ सुटत नव्हती. आरतीनं बाजेवरून उतरून कात्री घेतली, भागवतचा हात मांडीवर ओढला आणि केस कापला. करंगळी जांभळासारखी झालेली. "हे काय करून घेतलंत?" ती म्हणत होती. भागवतचं लक्ष नव्हतं. तो मायपुढं जाऊन उभा राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज तिच्या आवाजाच्या वर गेला.

"माझ्या आधी कोण झालं हुतं?"

कस्तुराबाईनं तोंड फिरवलं.

"माय, बोल. माझ्या आधी कोण झालं हुतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. तळ्याच्या वळणावर. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. दातखीळ बसलेली."

कस्तुराबाईनं भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसली. आबांना वाटलं आता रडेल. रडली नाही. उसळली.

"मला कुणी इचारलं हुतं? आं? एकोणीस वर्सांची हुते मी! सासूनं बांधला. पोर वरडत हुती आन मी भिंतीकडं तोंड करून पडले हुते. तुझा बाप सहा बोटांचा हात घेऊन गावभर मिरवत हुता, त्याला इचारलं का कुणी? बांधल्याच्या पाचव्या दिवशी तिला धनुर्वात झाला, जबडा बसला. दोन दिवस छातीशी धरून बसले. तोंडच उघडंना तिचं. बारशाला एक दिवस ऱ्हायला हुता... एक दिवस..."

"आन तरी तू मला केस आणायला धाडलंस?"

"मग काय करू? सोयरे येतील, हात बघतील आन उठून जातील. लोकं हसतील. मला वाटलं, दरवेळी थोडीच तसं हुतंय..."

"आत्याबाई," आरती म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून सगळे तिच्याकडं बघायला लागले. "सोयरे गेले तर जाऊ द्या. ही तर ऱ्हाईल."

तिनं कापलेला केस चुलीत टाकला. चर्र आवाज झाला. मग बाळाचे दोन्ही हात दुपट्यातून बाहेर काढले आणि उघडेच ठेवले. "बारा हाईत. बारशाला सगळ्यांपुढं मोजून दाखवीन. ज्याला बघवत न्हाई त्यानं बाहेर बसावं."

भागवत मायच्या समोर उकिडवा बसला. आवाज उतरला होता, राग नव्हता उतरला. "तिचं नाव काय ठेवणार हुतीस?"

कस्तुराबाईचे ओठ हलले. एकदा... दोनदा. शब्द आला नाही. दात दातांवर बसलेले.

"ऊठ अक्का, बाजेवर पड," म्हणत उमाबाई तिला उठवायला वाकली. काखेत हात घातला आणि तशीच थांबली. "चोळी कशानं भिजली गं? पाणी सांडलं का अंगावर?"

इथं आबा उठले. ताडपत्रीचं टोक दगडाखाली नीट सरकवलं.

"बाईमाणसाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "तुमच्यापुढं सांगू का नको..."

"सांगा," तनुजा म्हणाली.

उमाबाईनं ओली बोटं नाकाशी नेली. आबांकडं बघितलं. पुन्हा नाकाशी नेली. मग कस्तुराबाईचा पदर बाजूला करून तिला दिव्याखाली घेतलं. चोळी दोन्हीकडून भिजलेली... खाली फरशीवर थेंब पडत होते. थांबत नव्हते. पांढरे.

बासष्ट वर्षांच्या बाईला पान्हा फुटला होता.