तारक्का आईला ओळखेना

गेले तीन गुरुवार कनकच्या आईला तिचं स्वतःचं घर ओळख देत नव्हतं.

आई होती चंद्रावर. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ माणसांची एक छोटी वस्ती होती आणि तिथे ती वेधनयंत्र (जमिनीला खोल भोक पाडणारं यंत्र) चालवून बर्फ शोधायची. तिला जाऊन पाच महिने झाले होते, यायला अजून अकरा होते. दर गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता दहा मिनिटं घरी बोलायची तिला मुभा होती. तो फोन वाटेल तिथे लावता येत नसे. आधी नोंदवलेल्या एकाच जागी तो जोडला जाई आणि आईने नोंदवलं होतं गडहिंग्लजचं घर. कनकचा सगळा आठवडा त्या दहा मिनिटांच्या खुंटीला टांगलेला असायचा.

आणि तीन गुरुवार फोनच नाही! मग काल चंद्रमोहिमेच्या कचेरीमार्फत आईचा लेखी निरोप आला. 'कनू, मी दर गुरुवारी फोन लावते. घर तो उचलतं, आपली ओळख पटत नाही म्हणतं आणि ठेवून देतं. तुम्ही दोघं बरी आहात ना? या गुरुवारनंतर आम्ही मोठ्या विवरात (खोल खड्ड्यात) उतरणार. तिथून चाळीस दिवस फोन लागणार नाही. हा एक गुरुवार तरी बोलायला मिळू दे गं.'

आज तोच गुरुवार होता आणि घड्याळात साडेचार वाजले होते.

"तारक्का, माझ्या आईचा फोन तू का कापतेस?" कनकने दप्तर फेकत विचारलं.

"सर्व यंत्रणा व्यवस्थित आहेत," घर गोड आवाजात म्हणालं.

तारक्का म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटावर बसवलेला, लोणच्याच्या बरणीएवढा संगणक. घरातले दिवे, पंखे, गिझर, कुलपं, फोन, सगळं ती सांभाळायची. नाव आईने ठेवलं होतं. कामाला वाघ, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ऐकायची नाही. कनकने तारक्का बनवणाऱ्या कंपनीलाही विचारून पाहिलं होतं. तिथल्या माणसाने दुरूनच तपासणी केली, सगळे दिवे हिरवे आहेत म्हणाला, आणि आभार मानून मोकळा झाला. कनकचे बाबा पुण्याला नोकरीला, ते यायचे शनिवारी. त्यांच्या हाती काही नव्हतं.

राहिले आजोबा, म्हणजे आईचे वडील, तानाजी चौगुले. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. फोनच्या तारा खांबांवरून जायच्या त्या काळात बिघाड शोधत त्यांनी सगळा तालुका सायकलवर पालथा घातला होता. आता गुडघे दुखायचे, पण बिघाड हा शब्द कानावर पडला की माणूस ताठ व्हायचा.

"आजोबा, मी तारक्काचे सगळे भाग एकेक करून तपासते," कनक म्हणाली. "एक्केचाळीस आहेत."

"एक्केचाळीस? अगं, सहा वाजतील की मोजता मोजता! हिकडं बस." आजोबांनी तिच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि ओळीने टिंबं काढली. "गावापासनं वाडीपातूर चौसष्ट खांब. वाडीतला फोन बंद. तार कुठंतरी तुटलीय. तू काय करशील?"

"पहिल्या खांबापासून बघत जाईन."

"आणि तुटली असंल त्रेसष्टाव्याला, मग? दिवस गेला. मी सरळ बत्तिसाव्याला जायचो. वर चढून माझा हातातला फोन तारंला जोडायचा. गावाकडनं आवाज येतोय? मग तिथवरची तार चांगली. बिघाड पुढच्या बत्तिसांत. बत्तीस खांब एका झटक्यात सुटले."

कनकने पेन्सिल घेतली. चौसष्टाचे बत्तीस, बत्तिसाचे सोळा, सोळाचे आठ, चार, दोन, एक. "सहा वेळा चढलं की संपलं!"

"सहाच वेळा. दर वेळी उरलेल्याच्या मधोमध जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, इथवर पोचलं का नाही पोचलं. खात्यात मला अर्धा चौगुले म्हणायचे ते काय उगंच?"

मग दोघांनी मिळून आईच्या फोनची वाट कागदावर मांडली. चंद्रावरची वस्ती, तिथून पृथ्वीवरचं ग्रहणकेंद्र (दुरून आलेले संदेश पकडणारी मोठी थाळी), तिथून गडहिंग्लजचं एक्सचेंज, मग घरातली जोडणीपेटी, मग तारक्काची राखण, आणि शेवटी बैठकीतला कर्णा. मधोमध आलं एक्सचेंज, आणि तिथे तर काही विचारायची सोय नव्हती. "मग त्याच्या पुढचा खांब," आजोबा म्हणाले, आणि दोघं जोडणीपेटीवर आली.

"तारक्का, मागच्या गुरुवारची जोडणीपेटीची नोंदवही दाखव," कनक म्हणाली. प्रत्येक यंत्र आपण काय केलं ते वेळेसकट लिहून ठेवतं, ती त्याची नोंदवही.

कपाटावरच्या छोट्या पडद्यावर ओळी उमटल्या. '६:१५. फोन आला. स्थान: चंद्र.'

"पोचला!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे चंद्रापासनं दारापातूर सगळं ठीक. लाखो किलोमीटर एका फटक्यात सुटले. चोर घरातच हाय."

पुढची चौकी राखणीची. आजकाल दुसऱ्याचा हुबेहूब आवाज काढून फोनवरून फसवणारे भामटे फार झाले होते, म्हणून आलेला माणूस खरा की खोटा हे राखण तपासायची. ती बंद करायची म्हटलं तर घरमालकाचा, म्हणजे आईचाच, आवाज आणि अंगठा लागायचा. तारक्काच्या या शहाणपणावर कनकने मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले. राखणीच्या नोंदवहीत लिहिलं होतं, '६:१५. आवाज ऋतुजाचा. नाकारला. कारण: ऋतुजा घरातच आहे.'

ऋतुजा म्हणजे आईच. कनकने ती ओळ दोनदा वाचली.

"घरातच आहे?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तारक्का, माझी आई घरात आहे?"

"त्या वेळी होत्या," तारक्का शांतपणे म्हणाली. "माणूस घरात असताना त्याच्याच आवाजात चंद्रावरून फोन आला, तर तो भामट्याचा असणार."

तर्क बिनचूक होता, हीच तर पंचाईत. वेडेपणाच होता, पण कनकने खरोखर मान वळवून आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग तिला आठवलं. गेले तीन आठवडे संध्याकाळी आईच्या खोलीतला पिवळा दिवा लागलेला असायचा. तिला वाटायचं, आजोबा लावतात, त्यांना आठवण येत असेल, म्हणून ती विचारायची नाही.

"तो दिवा तुम्ही नव्हता लावत?"

"मला वाटलं तू लावतीस," आजोबा म्हणाले.

पाच महिने एका ताटात जेवून दोघांनी 'मला तिची आठवण येते' एवढं एक वाक्य काही उच्चारलं नव्हतं.

"तारक्काला आई कशी ओळखू येते?" कनकने स्वतःलाच विचारलं. कॅमेरे आईने घरात लावूच दिले नव्हते. मग उरतात संवेदक (उजेड, हालचाल, वजन अशा गोष्टी टिपणारी छोटी उपकरणं). संवेदकाला माणूस कळत नाही, फक्त खूण कळते. खूण मिळाली की तारक्का नियम बघते, अमुक खूण म्हणजे अमुक माणूस, आणि मग दिवा लावते, पाणी तापवते. खूण खरी असली तरी तिचा अर्थ चुकू शकतो. आईसाठी तारक्काकडे चार खुणा होत्या आणि त्यांतली एक मिळाली तरी तिला पुरे व्हायची.

चारांचे दोन गट केले. मोठं दार आणि पायपुसण्याखालचा वजनकाटा हा एक गट. सहाच्या सुमाराची त्यांची नोंदवही कोरी, कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या गटात पलंग आणि फोन. पलंगावर कुणी बसलेलं नव्हतं. राहिली एकच खूण, आणि ती पडद्यावर उमटली. 'ऋतुजाचा फोन घराच्या वायफायला जोडला गेला. ६:०४ ते ६:३१.' ही ओळ कालची, त्याखाली परवा, तेरवा. रोज सहा-साडेसहाच्या सुमारास, एकवीस दिवस.

"आईचा जुना फोन? तो तर कपाटात बंद..." बोलता बोलता कनक थांबली. रोज सहाला गुडघ्याचा व्यायाम करतो म्हणून आजोबा आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. गुरुवारीसुद्धा.

आजोबांचे कान लाल झाले होते.

"स्वेटर काढाय गेलो तवा घावला," ते म्हणाले. "अगं पण त्यात सिमच न्हाई! सिम काढलं म्हंजे तार कापलेला खांब. तो कुणाला काय करणार, असं वाटलं मला."

"सिम नसलं तरी फोन वायफायला आपोआप जोडला जातो, आजोबा. पण तुम्ही तो चालू कशाला करता?"

आजोबा उठले. खोलीत जाऊन त्यांनी फोन आणला आणि आईने पूर्वी पाठवलेला, त्यात तसाच राहिलेला एक निरोप लावला. आईचा आवाज आला, मागे रस्त्यावरचे हॉर्न. 'आप्पा, मला उशीर होईल. तुम्ही दोघं जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.' एवढंच. कुठल्याशा साध्या संध्याकाळचं.

"रोज ऐकतो," आजोबा म्हणाले. "आणि थांबतो की गं, असं म्हणतो तिला. कोण ऐकतंय? पण म्हणतो. गुरुवारी तर फोनची वाट बघून जीव थाऱ्यावर नसतोय, तवा हातात धरून बसतो. आणि त्यापायीच माझी पोरगी दारातनं माघारी गेली. तीन येळा." त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला. "घे. पुन्हा हात लावणार न्हाई."

कनकला रागवायचं होतं. ते काही जमलं नाही. आईचा आवाज पुन्हा एकदा ऐकावा असं तिलाही वाटत होतं आणि आजोबा हे रोज एकटे सोसत होते. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"फोनचं काही चुकलं नाही, तुमचंही नाही," ती म्हणाली. "नियम कच्चा आहे. एकाच खुणेवर एवढी मोठी गोष्ट ठरवायची नसते. आजोबा, अंगठा द्या."

राखण बंद करायला आई लागायची, पण येण्याजाण्याचे नियम बदलायला घरातलं कुणीही मोठं माणूस चालायचं. कनकने हळूहळू, शब्द तोलत सांगितलं, "तारक्का, कुणाचा फोन घरात दिसला, आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत मोठं दारही उघडलं असेल, तरच ते माणूस घरी आलं असं धर. दोन्ही खुणा हव्यात."

"नियम बदलला," तारक्का म्हणाली.

"झालं!"

"झालं कसं?" अर्धा चौगुले जागा झाला. "तार जोडली म्हणून खांबावरनं उतरायचं नसतंय. आधी वाजवून बघायचं."

आईचा फोन कनकने स्वतः चालू केला. पडद्यावर ओळ आली, 'ऋतुजाचा फोन घरात.' आईच्या खोलीतला दिवा लागला नाही.

"तारक्का, आई कुठे आहे?"

"ऋतुजा घरात नाहीत."

हेच उत्तर हवं होतं, आणि ते ऐकून कनकला रडूच फुटलं. तीन आठवडे जगात कुणीतरी एक होतं ज्याला आई घरी आली असं वाटत होतं, आणि तिनेच त्याची समजूत काढून टाकली होती. आजोबांनी तिला जवळ घेतलं. त्यांचीही गत तीच होती.

सव्वासहाला बैठकीतला कर्णा खरखरला.

"कनू? आप्पा?"

"आई!" कनक ओरडली. मग शांतता. बोलणं चंद्रापर्यंत जायला जवळजवळ सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी सव्वा. अडीच सेकंद दोघं श्वास धरून उभी राहिली, आणि मग आईचं हसू आलं, रडण्यात मिसळलेलं. "ओळखलंस बाई घरा! ओळखलंस एकदाचं!"

दहा मिनिटांत किती मावतं? खो-खोचा सामना सांगून झाला, गुडघे विचारून झाले. आजोबांना बोलायला दिलं तर ते नुसतं "ऋतू" म्हणाले आणि अडीच सेकंद डोळे मिटून उभे राहिले. "आप्पा, ऐकतेय मी," असं उत्तर आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते कनक पुढे कित्येक दिवस आठवत होती.

पडद्यावरचे आकडे उतरत होते. वीस. बारा. सात.

"लवकर ये!" कनक म्हणाली तेव्हा तीन उरले होते.

दोन. एक. कर्ण्यातून "ये..." एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

कनक जिथल्या तिथे उभी होती. तिने बोटांवर मोजलं. तीन सेकंदांतला सव्वा सेकंद तिचं बोलणं पोचायला, सव्वा उत्तर यायला. उरला अर्धा, त्यात एक अक्षर मावलं. बाकीचा शब्द फोन बंद झाल्यावर इथे पोचला असणार आणि तो ऐकायला कुणी नव्हतं. पण तिकडून तो पुरा निघाला होता, हे गणिताने नक्की होतं.

"आजोबा, चाळीस दिवसांनी आई विवरातून वर येईल," ती म्हणाली. "तोपर्यंत मला फोनच्या वाटेचे सगळे खांब शिकवा. चंद्रापर्यंतचे."

"तितके मलाबी कुठं येतात?" आजोबा म्हणाले. "चल, मधल्यापासनं सुरुवात करूया."