लाल मडगार्डखालचा निळा रंग

“डावीकडे फिरव! अगं, सैल करायचाय बोल्ट, आवळायचा नाहीये!” बोका ओरडला.

“मला शिकवतोस? तू काढलेली सायकलची चेन अजून बादलीत भिजतेय!” असं म्हणत भिंगरीने पान्यावर सगळा भार टाकला. बोल्ट इतक्या सहज फिरला की ती तोल जाऊन धप्पकन अंगणात बसली. बोका पोट धरून हसायला लागला.

ही बहीणभावंडं सुट्टीला मामाकडे आली होती. मामा आठवडाभर बाहेरगावी गेला होता, तेव्हा त्याने आपली लाल मोटरसायकल ब्रेक दुरुस्त करायला गॅरेजमध्ये ठेवली होती. आल्यावर गाडी घरी आणली, तर ब्रेक झकास, पण पुढचं चाक घर्र घर्र करत होतं. मडगार्ड टायरला घासत होतं. सकाळी कामावर निघताना मामा म्हणाला होता, “काढून बघा कुठे घासतंय ते. पण बोल्ट हरवलात तर कान हरवतील!”

गाडी मोठ्या स्टँडवर चढवलेली होती. शेजारचा लंबू हँडल घट्ट धरून उभा होता. एरवी हसवून हसवून बेजार करणारा हा पोरगा या सुट्टीत गप्पगप्प होता. त्याचे बाबा पेपर टाकायचे. मागच्या आठवड्यात पहाटे एका भरधाव मोटरसायकलने त्यांना उडवलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. पाय दोन ठिकाणी मोडला होता. ते रस्त्यावर कितीतरी वेळ तसेच पडून होते. आता पेपर लंबूच टाकत होता.

भिंगरीने ब्रेकची वायर मडगार्डच्या पकडीतून सोडवली, उरलेले बोल्ट काढले आणि मडगार्ड तिरकं करून चाकावरून ओढलं. ते अडलं. तिने हिसका दिला. खर्रकन आवाज झाला आणि पत्रा टायरच्या कडेला खरचटत बाहेर आला.

“मेलो! मामाचा रंग गेला!” बोका किंचाळला.

पण भिंगरी त्या ओरखड्याकडे टक लावून बघत होती. लाल रंगाखाली निळा रंग दिसत होता!

“मामाची गाडी कधी निळी होती?”

“छे! पहिल्यापासून लालच आहे.”

तिने मडगार्ड उलटं केलं. आत चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता. बोल्टही कोरे करकरीत. इतकी वर्षं चिखलातून फिरलेल्या गाडीचे बोल्ट असे असतात? “हे आपलं नाहीच! कुणीतरी दुसऱ्या गाडीचं बसवून वर लाल रंग फासलाय. म्हणूनच घासतंय!”

“पण का? आपलं काय झालं?”

“मोडलं असणार.” लंबूचा आवाज अगदी खोल गेला होता. “कशावर तरी आपटून. बाबा म्हणाले होते, गाडी लाल होती.”

कुणाला काही कळायच्या आत त्याने बोक्याच्या तोंडावर ठोसा हाणला. बोक्याचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर ओघळलं. “तुमच्या मामाने! तुमच्या मामाने उडवलं माझ्या बाबांना!” दोघं मातीत गडबडा लोळायला लागले. बोक्याने केस धरले, लंबूने गुडघा मारला आणि मग त्याच्या हाताला पाना लागला. पाना वर उचलला गेला.

भिंगरीने झेप घेऊन त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. “अरे, मामा इथे नव्हताच! तूच आलास ना आमच्याबरोबर त्याला स्टेशनवर सोडायला? गाडी कुठे होती, आठव!”

लंबू धापा टाकत राहिला. मग पाना त्याच्या हातातून गळून पडला. “गॅरेजमध्ये,” तो म्हणाला.

गॅरेजवाल्याला सगळे पैलवान म्हणायचे. मानेची नुसती वळकटी, हात म्हणजे मुसळं. तिघं पोचले तेव्हा तो समोरच्या टपरीवर चहा पीत होता. पोरं वाकून आत शिरली आणि मागच्या भंगाराच्या ढिगावर तुटून पडली.

“सापडलं!” बोका सुजलेल्या ओठाने कुजबुजला.

चुरगळलेल्या कागदासारखं मडगार्ड! त्याच्या आतल्या बाजूला मामाने स्वतः रंगवलेला गाडीचा नंबर, मामाच्याच वाकड्या आकड्यांत. आणि फाटलेल्या पत्र्यात अडकलेला कॅनव्हासचा पट्टा. लंबूने तो अलगद सोडवला. पट्ट्यावर काळ्या दोऱ्याची वेडीवाकडी शिवण होती.

“ही मी घातलीय,” तो म्हणाला. “बाबांच्या पेपरच्या पिशवीला.”

“खिशात टाक,” भिंगरी हळूच म्हणाली. “आणि कुणीही बाबांचं नाव काढायचं नाही. मी बोलेन.”

तेवढ्यात धाडकन शटर खाली आलं. “कोण रे आत?”

पैलवानाची नजर मडगार्डवर गेली आणि त्याचा चेहरा पालटला. “टाक ते खाली!”

“हे आमच्या मामाचं आहे!”

एक सणसणीत थप्पड बसली आणि लंबू टायरांवर जाऊन आदळला. पैलवानाने टायर काढायची लोखंडी पहार उचलली. बोका तीरासारखा धावला आणि त्याच्या हाताला कडकडून चावला. “आई गं!” म्हणत पैलवानाने त्याला झटकलं, तो थेट ऑइलच्या डब्यात! पहार पुन्हा फिरली. भिंगरीने मडगार्ड ढालीसारखं पुढे धरलं. ठण्ण! पत्रा वाकला, पहार घसरून तिच्या हातावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मडगार्ड तिने सोडलं नाही.

लंबूने टायरांच्या उतरंडीला लाथ घातली. टायर गडगडत आले, पैलवान सांडलेल्या ऑइलवर घसरला आणि त्याचं डोकं बाकड्यावर आपटलं.

“हॉर्न!” भिंगरी ओरडली. “किल्ल्या लावलेल्या आहेत, हॉर्न वाजवा!”

तिघं तीन मोटरसायकलींवर तुटून पडले. पँऽऽ! पोंऽऽ! बंद शटरच्या आत असा कल्लोळ उठला की सगळी गल्ली धावत आली. टपरीवाल्या काकांनी शटर वर ढकललं.

“चोर आहेत ही कार्टी!” पैलवान कपाळाचं रक्त पुसत गुरगुरला.

भिंगरीचा हात सुजून भोपळा झाला होता, पण आवाज खणखणीत होता. “मग आमच्या मामाचं मडगार्ड तुमच्या भंगारात कसं? मोडलं कधी?”

“त्यानेच मोडकं आणलं होतं!”

“माझ्यासमोर दिलीय त्यांनी गाडी,” टपरीवाले काका म्हणाले. “चहा घेऊन गेले. मडगार्ड चांगलं धडधाकट होतं.”

“मग कुणाला धडकवलंत?” भिंगरीने विचारलं. “कुत्र्याला? झाडाला?”

“धडकवलं नाही! तो पेपरवालाच अंधारात मध्ये आला, त्याला मी काय करू?”

टपरीवाले काका एक पाऊल पुढे आले.

“पेपरवाल्याचं नाव आम्ही कुणी घेतलंच नव्हतं,” भिंगरी म्हणाली.

मग मात्र लोक खवळले. कुणी पैलवानाची कॉलर धरली, कुणी पाठीत गुद्दे घातले. पडलेली पहार लंबूने उचलली. गर्दी बाजूला झाली. पैलवान डोक्यावर हात घेऊन आक्रसला. लंबूचे डोळे लाल झाले होते. भिंगरीला वाटलं, आता हा मारणार! आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिलाही वाटलं, मारूच दे.

लंबूने पहार गल्लीत भिरकावून दिली. “पोलिसांना बोलवा,” तो म्हणाला. “आणि तोपर्यंत त्याला कुणी हात लावू नका.”

संध्याकाळी दवाखान्यात लंबूच्या बाबांच्या खाटेभोवती सगळे जमले होते. भिंगरीच्या हाताला प्लास्टर होतं, बोक्याच्या अंगाला ऑइलचा वास. लंबूने दिलेला पट्टा पाकिटात ठेवत पोलीस अधिकारी बाई म्हणाल्या, “एकट्यांनी आत शिरायला नको होतं तुम्ही. जिवावर बेतलं असतं! पण डोकं आणि धीर मात्र वाखाणण्यासारखा.”

“आणि मी मूर्ख,” मामा म्हणाला. “गाडी मीच घरी आणली, पण एकदाही वाकून बघितलं नाही. या पोरांनी लाज राखली.”

बाबांनी लंबूला जवळ ओढलं. “लोखंड हातात होतं तुझ्या. मारलं का नाहीस रे?”

“तुम्ही आठवलात,” लंबू म्हणाला. “रस्त्यावर पडलेले.”

बाबांनी त्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं, आणि इतके दिवस एकदाही न रडलेला लंबू हमसाहमशी रडायला लागला. बोका आणि भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं.