निसटलेला खडा

तापाने पडलेल्या बहिणीची, चिमणीची पाठ शेकता शेकता ताईचा हात एकदम थबकला... उजव्या बरगडीखाली, कमरेच्या वरच्या अंगाला, बोटांना लिंबाएवढं काहीतरी लागलं होतं. कढत, आणि जरा दाबताच चिमणीच्या तोंडून "आई गं!" निघावं असं.

"काय आहे गं ताई तिथे?"

"काही नाही. झोपून झोपून आखडलंय," ताई म्हणाली, आणि शेकायच्या पिशवीतलं पाणी बदलायचं निमित्त करून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली. ती गाठ कशाची असेल, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या या धाकट्या बहिणीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं, तेही ताईच्याच रुग्णालयात, ताईच्याच हट्टावरून. ताई तिथल्या ऑपरेशन थिएटरमधली जुनी सिस्टर. आई गेली तेव्हा चिमणी चार वर्षांची होती. तिच्या वेण्या घालता घालता, दप्तर भरता भरता ताईचं लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिने ते दुसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. त्या पोटच्या पोरीसारख्या बहिणीच्या ऑपरेशनला ती स्वतः हत्यारं द्यायला उभी राहिली होती. पडद्यावर सगळं नीट चाललेलं... आणि पित्ताशय ओढून काढताना फाटलं. खडे आत सांडले. डॉक्टरांनी एकेक वेचला, पोट धुतलं. पण एक करडा खडा यकृतामागच्या अंधारात घरंगळत गेलेला ताईने आपल्या डोळ्यांनी पाहिला.

"सर, एक राहिला."

"राहू दे, सिस्टर. एका खड्याने काही होत नाही."

मग रक्त टिपायचे गॉज मोजले, सुया मोजल्या, चिमटे मोजले. खडे मोजायची कुठे रीतच नव्हती!

बाहेर चिमणीचा नवरा उभा होता. घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून जग पाहणारा माणूस. काढलेल्या खड्यांची बाटली उजेडात धरून त्याने विचारलं, "सगळे आले ना, ताई?"

आणि ताई म्हणाली, "सगळे."

मायेपोटी म्हणाली हो! चिमणी मुलखाची भित्री. साधी शिंक आली तरी हवालदिल होणारी. पण तो एक शब्द ताईच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. धान्य निवडताना बोटाला खडा लागला की ती सूप बाजूला सारी. नळाखाली साबण निसटला तरी तिला तो पडदा दिसे... तो अंधार, आणि त्यात गडप होणारा तो करडा ठिपका! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आणि आता तर ते मनातलं बोटांना लागलं होतं.

चिमणीचा ताप हटेना, तेव्हा नवऱ्याने तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. ताईही बरोबर गेली. तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो भिंतीवर लावला आणि हलक्या आवाजात सांगितलं, "यकृताला लागून गाठ आहे. बहुधा कर्करोग. यकृताचा मोठा भाग काढावा लागेल."

चिमणी रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "घाबरू नका हो. ताई आहे ना माझ्याजवळ."

त्या चार शब्दांनी ताईचं उरलंसुरलं धैर्य गळून गेलं. बोलावं, तर जन्मभराची ही एकुलती कमाई हातची जाणार. गप्प राहावं, तर चिमणीच नाहक चिरली जाणार...

"बाई, थांबा!" स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "कर्करोग नसेल. आत खडा राहिलाय. निसटताना मी पाहिलाय."

डॉक्टरीणबाई पुन्हा फोटोकडे वळल्या. मग घड्याळजी उठला. "तुम्ही 'सगळे' म्हणाला होतात, ताई! ती बाटली दाखवून मी तीन वर्षं हिला सांगत आलो, खडे गेले, आता दुखतं ते तुझ्या मनाचं! माझ्या तोंडून हिला खोटं पाडलंत तुम्ही! पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका."

ताईने चिमणीकडे पाहिलं. चिमणीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

गाठीतून सुईने वाटीभर पू निघाला. पाठोपाठ छोटा छेद घेऊन तो खडाही निघाला. कर्करोग नव्हताच! ताईला हे परक्या वॉर्डमधल्या सिस्टरकडून कळलं. खरं काय घडलं ते तिने आपल्या रुग्णालयाला लिहून दिलं, आणि त्यांनी तिला थिएटरमधून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. ती चादरी मोजत राहिली. आता खडा दिसत नसे... दिसे ती भिंतीकडे वळलेली मान.

ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी दुपारी कोठीच्या दारात घड्याळजी उभा. नजर जमिनीवर. "जखमेत रोज आतपर्यंत औषधाची पट्टी भरावी लागते. परवा घरी आणलं, तेव्हापासून चिमणी कुणाला हात लावू देईना. म्हणते... ताईला आणा."

ताई पोचली तेव्हा खाटेवर चिमणी पाठमोरीच होती. ताईच्या ओठांवर "मला क्षमा..." येतंय तोच ती म्हणाली, "नको. ते नको बोलूस. मी घाबरले असते, खरंय. पण माझ्या जिवाची भीती माझी होती ना गं, ताई? तीसुद्धा तूच घेऊन बसलीस!"

ताई पुढे झाली. तिने हात धुतले, पट्टी सोडली.

"कशी दिसतेय?" चिमणीने विचारलं.

'छान' हा शब्द ताईच्या जिभेवर तयारच होता. जन्मभर तिने या पोरीला तेवढंच सांगितलं होतं. तिने तो गिळला.

"चांगली नाही. तळाशी अजून पू आहे. आज पट्टी खोलवर भरावी लागेल. आणि दुखेल, चिमणे... फार दुखेल."

चिमणीची मान हळूहळू भिंतीकडून वळली. डोळे काठोकाठ भरलेले. तिने हात मागे नेऊन ताईचं मनगट घट्ट धरलं.

"दुखू दे," ती म्हणाली. "तू सांगत राहा."