कोळी कोणाचा?

सातव्या महिन्याची सप्तमी म्हणजे आमच्याकडे बैलांचा वाढदिवस. तिंगशान आपल्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना रानफुलं बांधत होता, तेवढ्यात कुंपणाआडून एक मुलगी डोकावली. हातात रिकामी लाकडी डबी, आणि चेहरा असा, जणू डबीत वाघ धरायचाय.

"हलू नकोस!" ती कुजबुजली. "तुझ्या फुलांत... कोळी आहे."

"मग धर की."

"मी?" ती चटकन मागे सरली. "मला भीती वाटते."

"भीती वाटते, आणि आजच्या दिवशी कोळी शोधत फिरतेस?"

"मावशीनं पाठवलंय. स्वतः धरलेला कोळी रात्रभर डबीत ठेवायचा. सकाळी जाळं दाट निघालं, तर मुलीच्या हातात कला आहे म्हणतात. माझा हात तर सुई बघूनच थरथरतो."

खोटं नव्हतं ते. ही रुइलान कालपरवाच मावशीकडे आलेली, पण तिची कीर्ती आधीच पोचली होती. गावी काकांच्या अंगरख्याला तिनं एकदा बटण लावलं, तर काकांना तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत काढता आला नाही.

तिंगशाननं अलगद कोळी उचलला, डबीत सोडला. डबी देताना बोटांना बोटं लागली... आणि दोघंही उगाच बैलाकडे बघत राहिली.

"दाखवणार कोणाला?"

"पान काकूंना. जिचं जाळं सुंदर, ती त्यांची सून. मुलगा आईच्या मागे लपणारा असणार, नाहीतर परीक्षा आईला कशाला घेऊ देईल?"

तिंगशानचे कान लाल झाले. "तो... मीच."

रुइलान जी पळाली! पण वळणावर थांबून तिनं एकदा मागे पाहिलंच.

त्या संध्याकाळी पोरी द्राक्षांच्या मांडवाखाली कान देऊन बसल्या. वर आभाळातला गुराखी आणि त्याची विणकरीण वर्षातून एकदाच, ह्याच रात्री भेटतात, त्यांचं कुजबुजणं तिथं ऐकू येतं म्हणे. रुइलानला मात्र डबीतली सळसळ तेवढी ऐकू येत होती. जाळं विरळ निघालं तर? तर तो दुसरीचा. आणि दाट निघालं तर? ह्या विचारानं तर ती डबी आणखीनच घट्ट धरून बसली.

सकाळी पान काकूंच्या अंगणात पोरी जमल्या. काकूंनी कापडावर सुईनं भरलेल्या बदकांमागे गावातली मांजरं लागत, एवढा त्यांचा हात! पहिल्या डबीत दोन धागे. दुसरीतला कोळी चक्क घोरत होता. रुइलानची डबी उघडली, तर जाळं असं घट्ट, की काकूंनी वर भोपळ्याची बी टाकली ती उसळून शेजारच्या अंगणात पडली.

"ये गं," काकूंचा आवाज विरघळला. "हीच माझी सून!"

नुसती मान हलवायची होती. समोर तिंगशान श्वास रोखून उभा.

"काकू... कोळी मी नाही धरला."

"मग कोणी?"

"तुमच्या... ह्यानं."

"आई, चूक माझी," तिंगशान पुढे झाला, "पण मला हीच—"

"तू गप!" काकूंनी जाळं उन्हात धरलं. मग मुलाचा हात ओढून उलटासुलटा पाहिला. "ज्यानं कोळी धरला त्याची कला. म्हणजे ही बोटं इतकी वर्षं बैलाची शेपटी पिळण्यात वाया गेली म्हणायची! बस इथं." त्यांनी त्याच्या हातात सुई दिली. "आणि काय गं, एका घरात दोन सुया आल्या की रोज भांडणं. मला आता सुईवाली नकोच. तुला बैल हाकता येतो?"

"येतो! गावी मीच हाकायची. शिंगांना नाही मी घाबरत."

"मग सोड त्याला दाव्यातून. ऊन चढतंय."

पोरी हसून लोळल्या. तिंगशान सुईत दोरा ओवायला धडपडत होता. रुइलान त्याच्यापाशी वाकली.

"झाली की रे उलटापालट. मी गुराखी, तू विणकरीण."

"म्हणजे... वर्षातून एकदाच भेटायचं?"

"वेडा आहेस का? मी रोज दिवेलागणीला येणार," ती पुटपुटली, आणि मग, कोणी ऐकत नाही असं पाहून, "तुझ्यासाठी. बैल आपला निमित्ताला."

सुई बोटात घुसली, पण ओरडला असेल तर शपथ.