आतून घातलेला अडसर

मानसिंग, शेकोटीत एक लाकूड टाक बघू. आणि त्या भिमाला हलव. भाताच्या राशीवर राखणीला आलाय की सासुरवाडीला? चोर पोतं उचलून नेईल आणि हा पोत्यासकट जाईल, तरी याला जाग यायची नाही.

हसू नका. राखण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आपल्या याच शिवऱ्यात राखण करता करता एक बाई गेली, आणि गेल्यावरही तिची राखण सुटली नाही. मला हे दादू सुतारानं सांगितलं. दादू दारूला शिवत नव्हता आणि बढाया मारत नव्हता. एकदाच सांगितलं त्यानं, पुन्हा कधी विषय काढला नाही. मी काढला तर उठून जायचा.

तशी गोष्ट साधीच सुरू होते. अडुसष्ट साल, माघ महिना, महाशिवरात्रीची आदली रात्र. दादू आणि दुकानदार कुंडलिक भोरच्या बाजारातून शेवटच्या यष्टीनं शिवऱ्याला उतरले. पिशवीत नवा कडीकोयंडा आणि जाड बिजागऱ्या. कुंडलिकाला आतल्या कोठीचं दार आणखी पक्कं करून घ्यायचं होतं. सकाळी लवकर काम धरायचं म्हणून दादू त्याच्याकडेच मुक्कामाला निघाला. सोबत भाकरी होती, तंबाखू होती, काळजी कसली नव्हती.

आता हा कुंडलिक कोण, ते ऐका. सडकेच्या कडेला ते कौलारू बंद घर आहे ना, भिंतीवर बाटल्यांच्या काचा लावलेलं? ते त्याचं. पुढं दुकान, मागं घर. साखर, रॉकेल, दोरखंड, खिळे, सगळं मिळायचं. सातारा रस्त्यावरचे ट्रक थांबायचे, धंदा जोरात होता. मग एका वर्षी चोरांनी मागची मातीची भिंत पोखरली आणि तांब्यापितळेची भांडी नेली, बायकोच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या नेल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

आधी त्यानं दगडी कंपाउंड घातलं आणि वर काचा रोवल्या. मग कुत्रा आणला. मागच्या भिंतीला बाहेरून बाभळीच्या काट्या रचल्या. दादूकडून सागवानी दार करून घेतलं, त्याला बाहेरून कुलूप आणि आतून अडसर. अडसर म्हणजे मांडीएवढं जाड लाकूड, दारामागं आडवं घालायचं, दोन्ही टोकं भिंतीतल्या खोबणीत. एकदा घातला की हत्ती आला तरी दार हलायचं नाही. त्याच्या आत कोठी, कोठीला वेगळं कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या याच्या कमरेच्या करगोट्याला. चालला की घुंगुरमाळेच्या बैलासारखा वाजायचा.

एवढं करून झोप येत होती म्हणाल तर नाही. दादूला म्हणायचा, "कुलूप मुकं आसतंय रं. चोर कुलपाला भीत न्हाई, जाग्या माणसाला भितो."

आणि जागं माणूस त्याच्या घरात होतं. साळूबाई, त्याची आत्या. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. कुंडलिकाची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हापासून हिनंच त्याला खांद्यावर वाढवला. म्हातारपणी तिला खोकला लागला होता. रात्रभर खोकायची बिचारी. लोक म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यावर औषध आणतात. यानं तो खोकला कामाला लावला. तिचं अंथरूण चुलीजवळून उचललं आणि कोठीच्या दारासमोर टाकलं. वैद्याचं चाटण बंद केलं. म्हणाला, "खोकत ऱ्हा आत्या, चोराला कळंल घरात कोन हाय ते."

मला अजून राग येतो. एवढी वर्षं झाली, अजून येतो.

मग सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पहाटे जमीन हलली, फळीवरची भांडी खाली आली, गुरं दावी तोडून पळाली. आपल्याकडं घरं पडली नाहीत फारशी, पण धीर पडला. रोज लहानमोठा धक्का बसायचा. सगळं गाव घरं सोडून शेतात, खळ्यात मांडव घालून झोपायला लागलं. थंडी अशी की पहाटे पांघरूण ओलं व्हायचं, पण छपराखाली जायची कुणाची छाती नव्हती. आणि घरं मोकळी पडल्यावर चोरांचं फावलं, अशी आवई उठली.

कुंडलिकानं मांडव घातला. बायको जाईबाई, पोरं आणि स्वतः मांडवात. आत्याला मात्र घरात ठेवली.

आमचा मांडव शेजारीच होता. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हातारी अंगणात उभी राहून म्हणत होती, "कुंडलिका, मला बी भाईर घे रं. धक्का बसला तर म्या कुठं पळू?"

"काय व्हत न्हाई तुला. तू आतनं अडसर घाल, म्या भाईरनं कुलूप लावतो."

"आरं, पन..."

"आन ऐक. रातीचं म्या हाक मारली तरी दार उघडायचं न्हाई. चोर माझा आवाज काढंल. म्या दिवसा येईन. रातीचा येईल त्यो चोर."

जाईबाई मधे बोलायला गेली, तर तिच्यावर खेकसला. गाव म्हणालं, त्यांचं घर आहे, ते बघतील. म्हातारी पदर डोक्यावर घेऊन आत गेली. अडसर खोबणीत बसल्याचा आवाज आला, मग बाहेरून कुलूप. रात्रभर आम्हाला तिचा खोकला ऐकू यायचा. आम्ही उघड्यावर, आणि ती एकटी छपराखाली.

पंधरा-वीस दिवस असे गेले. एका रात्री मोठा धक्का बसला. बायका ओरडल्या, पोरं रडली. घराकडून मात्र खोकला आला नाही. सकाळी कुंडलिकानं कुलूप काढलं, पण आतून अडसर. शेवटी दादूनं कौलं काढली आणि आत उतरला. म्हातारी कोठीच्या दाराला पाठ लावून बसलेली. थंड पडलेली. घराचा एक दगड हलला नव्हता, भिंतीला चीर नव्हती. भीतीनंच गेली ती. धक्का बसत असतानाही तिनं अडसराला हात लावला नव्हता. सांगितलं होतं ना, रात्री उघडायचं नाही.

तेराव्याला कुंडलिक हंबरडा फोडून रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. पण रडून झाल्यावर दादूला बाजूला घेऊन म्हणाला, कोठीचं दार आता आणखी पक्कं करायला पायजे. जाईबाई पोरांना घेऊन माहेरी गुंजवण्याला निघून गेली. म्हणाली, त्या घरात मी पाणी पिणार नाही. कुंडलिक पुढच्या दुकानात बसायचा, आणि रात्री एकटाच मांडवात झोपायचा. घराला बाहेरून कुलूप. आत कुणी नाही.

आता परत त्या माघातल्या रात्रीवर या.

दोघं यष्टीतून उतरले तेव्हा गाव निजलं होतं. धक्के थांबले होते, लोक घरात परतले होते. दादू म्हणाला, मांडवात थंडी वाजेल, आज घरातच पडू. कुंडलिकानं कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग म्हणाला, चल.

कंपाउंडचं फाटक उघडलं. कुत्रा भुंकला नाही. दाराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून पडला होता, आणि शेपूट हलवत होता. यांच्याकडं बघून नाही. दाराकडं बघून.

कुंडलिकानं कुलूप काढलं. दार लोटलं.

दार हललं नाही.

"लाकूड फुगलं आसंल," कुंडलिक म्हणाला.

"माघात?" दादू म्हणाला.

पुन्हा लोटलं. आतून ठक्क असा आवाज आला. दादूनं तो ओळखला. त्यानंच केलेला अडसर. आतून घातलेला.

चोर! कुंडलिकानं काठी उचलली. दोघं मागं गेले. बाभळीच्या काट्या जागच्या जागी. भिंत शाबूत. कौलं शाबूत. आत जायला उंदराला वाट नव्हती.

परत पुढं आले. उभे राहिले.

आणि आतून कुणीतरी खोकलं.

दादू मला म्हणाला, तात्या, तो खोकला साऱ्या गावाला पाठ होता. ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं...

मग आतूनच आवाज आला. हळू. झोपेतून उठल्यासारखा.

"कोन हाय?"

कुंडलिकाच्या हातातली काठी पडली. "आत्या... म्या कुंडलिक."

"कुंडलिक रातीचा येत न्हाई. त्यो भाईर झोपतोय, गावासंगं."

"आगं मीच हाय. दार उघड..."

"आवाज काढतोयस व्हय रं त्याचा? त्यानं सांगून ठिवलंय मला. जा हितनं."

पुन्हा खोकला.

कुंडलिक मटकन खाली बसला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. याचं तर घरच याला ओळखत नव्हतं. दादू मात्र पळाला नाही. त्याला एक गोष्ट कळली. तो कुंडलिकाच्या कानाशी वाकला.

"कुंडलिकदादा... ती आजून राखणीवरच हाय. तिला कुनी ऊठ म्हनलंच न्हाई. तुमी म्हना. आत्या, झालं तुझं काम, आता भाईर ये, आसं म्हना. एवढंच म्हना. सुटंल ती."

कुंडलिकानं मान हलवली. उठला. दाराला दोन्ही तळवे लावले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आत्या..."

"आत्या, तू आता..."

थांबला. दादू वाट बघत होता. कुत्राही वाट बघत होता. कुंडलिकानं मान वळवून कोठीच्या बाजूला पाहिलं. भिंतीकडं. काचांकडं. आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला,

"मग हितं कोन झोपंल?"

दादू म्हणाला, आतल्या आवाजाची भीती वाटली नाही तेवढी मला या माणसाची वाटली.

मग आतून, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखं,

"मीच की. म्या हाय न्हवं."

त्यानंतर आवाज नाही. खोकला तेवढा. थांबून थांबून. उजाडेपर्यंत.

कुंडलिक पुढं बायकोच्या गावी गेला आणि तिथंच राहिला. जाईबाई त्याला वाढायची, बोलायची नाही. घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक दिवसा बघायचं आणि संध्याकाळी नको म्हणायचं. सामान अजून आत आहे, साखरेच्या पोत्यांपासून खिळ्यांपर्यंत. एवढ्या वर्षांत त्यातला एक चमचाही चोरीला गेलेला नाही. त्याला हवं होतं ते मिळालं म्हणायचं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. उजाडल्यावर दादू पुन्हा कौलं काढून आत उतरला. अडसर खोबणीत होता. घरात कुणी नव्हतं. बाहेरून कुंडलिक ओरडत होता, "सामान हाय का रं समदं? दादू! सामान हाय का?"

पायाखाली गार लागलं म्हणून दादूनं खाली पाहिलं. महिना-दीड महिना बंद असलेल्या त्या घरात जमीन नुकतीच सारवलेली होती. शेणाचा ओला वास येत होता. ओल्या सारवणात फक्त दादूच्याच पावलांचे ठसे. आणि कोठीच्या दारासमोर, माणूस गुडघे पोटाशी घेऊन निजेल एवढी जागा कोरडी.

दादूनं वाकून तिथं हात ठेवला. जागा गरम होती.