ड्रम नसलेलं गाणं

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवाच, असा आग्रह नाही; खोट्यावर विश्वास ठेवण्याची लोकांची तयारी या गाण्याने पुरेशी सिद्ध केली आहे.

रविवारची दुपार. स्टुडिओच्या बंद खोलीत तिघेच: रॉक बँडचा गायक, अपघातात गेलेल्या ड्रमरची आई आणि तिथला रेकॉर्डिस्ट, म्हणजे माझा आतेभाऊ.

ड्रमरला सगळे काड्या म्हणत. त्याची गाडी रस्त्याकडेच्या खोल खड्ड्यात उलटली तेव्हा आपण घरी झोपलो होतो, असे गायकाने जगाला सांगितले होते. मग मित्राच्या आठवणीत गाणे लिहिले. श्रद्धांजली म्हणून त्यात ड्रम ठेवलेच नाहीत. सुरुवातीला फक्त काड्याचा आवाज, त्याने गायकाच्या फोनवर ठेवलेल्या शेवटच्या निरोपातला: "ऐकतोयस ना?"

निरोप बावीस सेकंदांचा होता. भावाने तीन ठेवले, एकोणीस पुसले. गायकाने सांगितले म्हणून.

पुसलेले भावाला पाठ होते. "पाय अडकलाय रे. वर तुझी गाडी दिसतेय मला. उतर ना खाली."

"गाणं लाव रे बाळा," आई भावाला म्हणाली.

दुसऱ्या कडव्यापाशी...

ठक्. ठक् ठक्.

भावाने पडद्यावर पाहिले. ड्रमच्या आवाजाची पट्टी कोरी होती.

बंद पत्र्यावर आतून मुठी आपटाव्यात, तसे ठोके.

आईचा चेहरा उजळला. "हा त्याचाच हात! लहानपणी माझे डबे असेच बडवायचा मेला..."

तिने जीभ चावली.

"पुरे आता, काकू," गायक घाम पुसत म्हणाला. "तुम्हाला त्रास होईल."

"मला कसला त्रास? पुन्हा लाव."

या खेपेस ठोके लवकर आले. थांबले. आणि...

"उतर ना खाली."

आई गायकाकडे वळली. "कुठून उतर म्हणतोय तो?"

गायकाने भावाकडे पाहिले. मग आईनेही.

"गाण्यातलीच ओळ आहे, काकू," भाऊ म्हणाला.

तिने मायेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गाणे तुफान गाजले. हजारो लोक "ऐकतोयस ना?" ओरडतात आणि गायक डोळे मिटून आभाळाकडे बोट दाखवतो.

भाऊ चौथ्या मजल्यावर राहतो; सध्या मीही त्याच्याकडेच आहे. काल जेवताना त्याने घास खाली ठेवला आणि कान टवकारले.

"आता मला सांगतोय," तो म्हणाला. "उतर ना खाली."

गॅलरीच्या दाराला मी कुलूप घातले. किल्ली माझ्या खिशात आहे.

आज दुपारी त्या दारावर... बाहेरून...

ठक्. ठक् ठक्.